अजिंठ्याच्या छतांवरील नक्षी : विनय, हात आणि दान

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात शिरणारा यात्रिक सरळ गर्भगृहाच्या दिशेने जातो, डाव्या बाजूच्या पद्मपाणी बोधिसत्त्वापुढे थांबतो आणि मग उजवीकडच्या बोधिसत्त्वाकडे वळतो. मार्गदर्शकाच्या विजेरीचा झोतही त्याच दोन आकृतींवर फिरतो. फार झाले तर भिंतीवरील एखादी जातककथा सांगितली जाते आणि मंडळी पुढच्या लेण्याकडे निघतात. त्या सर्व वेळात त्यांच्या मस्तकावर सुमारे ६४ फूट लांब व तितकेच रुंद असे एक चित्रमय वितान पसरलेले असते. त्याच्याकडे मान वर करून पाहणारे विरळा. ज्यांनी पाहिले त्यांतल्याही अनेकांनी 'सजावट' या एका शब्दात त्याची बोळवण केली आहे.

आमच्या मते ही बोळवण अन्यायाची आहे. छतावरची ही नक्षी समजून घेतल्याखेरीज अजिंठ्याचा चित्रकार कसा विचार करीत होता, संघाने चित्रकलेला कोणत्या मर्यादेत आणि कोणत्या हेतूने स्थान दिले, या प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत. शिवाय या नक्षीचा संबंध आणखी एका प्रश्नाशी पोहोचतो : बौद्ध कलेच्या निर्मितीत कष्टकऱ्यांचा वाटा काय होता? तोही या लेखात आम्ही विचारार्थ घेणार आहोत.

विनयाने मान्य केलेल्या चार नक्ष्या

बौद्ध विहाराच्या भिंतीवर काय रंगवावे आणि काय रंगवू नये, याचा जुना विचार पालि विनयपिटकातील चुल्लवग्गात, सेनासनक्खन्धक या सहाव्या खंधकात आढळतो. प्रसंग असा आहे. षड्वर्गीय भिक्खूंनी आपल्या विहारात स्त्री-पुरुषांच्या आकृती असलेले चित्र काढविले. विहार पाहावयास आलेल्या लोकांना ते रुचले नाही. कामभोगी गृहस्थांच्या घरात आणि या विहारात फरक तो काय, अशी कुरकुर सुरू झाली. ही गोष्ट तथागतांच्या कानी गेली, तेव्हा त्यांनी अशा कल्पनाचित्रांना मनाई केली. परंतु त्यांनी भिंती कोऱ्या ठेवा, असे सांगितले नाही. त्यांनी चार प्रकारांना अनुज्ञा दिली : मालाकम्म, लताकम्म, मकरदन्तक आणि पञ्चपटिक.

पहिला प्रकार फुलांच्या माळेचा, दुसरा वेलींचा. तिसरा मकराच्या दातांसारख्या त्रिकोणांच्या रांगेचा असावा असे नावावरून दिसते. चौथ्या प्रकाराच्या नेमक्या अर्थाविषयी अभ्यासकांत एकवाक्यता नाही. पाच पट्ट्यांची काही रचना त्यात अभिप्रेत असावी. हे चारही प्रकार पुनरावृत्तीचे आहेत, ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. माळेत एक फूल दुसऱ्यासारखे असते, वेलीचे एक वळण दुसऱ्यासारखे असते, दात एकामागून एक येतात. ज्या चित्रात मन एका मुखावर, एका देहावर खिळून राहते ते वर्ज्य. ज्यात दृष्टी एका लयीत पुढे सरकत राहते ते मान्य. भिक्खूच्या निवासस्थानी सौंदर्य असू नये असा हा निर्णय नाही. सौंदर्याने आसक्ती वाढू नये, एवढाच त्याचा रोख आहे.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. अजिंठ्याच्या वाकाटककालीन लेण्यांत राहणारे भिक्खू पालि विनयच पाळीत होते असे आम्ही म्हणत नाही. सतराव्या लेण्याच्या ओसरीत डाव्या बाजूस जे भवचक्र रंगविलेले आहे त्याचा मेळ मूलसर्वास्तिवादी विनयाशी बसतो. त्या विनयात विहाराच्या प्रवेशस्थानी भवचक्र काढण्याचा निर्देश आहे, आणि भिंतीवरील आकृतिचित्रांबद्दलची दृष्टीही अधिक उदार आहे. म्हणजे शतकांच्या ओघात आणि निकायांच्या भेदाने नियम सैल झाले, भिंतींवर जातके अवतरली. छतावर मात्र माळ, वेल आणि पट्टी यांचेच राज्य राहिले. जुन्या अनुज्ञेची स्मृती भिंतीवरून छतावर गेली, असे म्हणण्यास येथे जागा आहे.

भिंत कशी तयार होई

त्याच खंधकात रंगकामाची कृतीही सांगितली आहे. पांढरा, काळा आणि गेरूचा तांबडा हे तीन रंग विहारासाठी मान्य झाले. पण खडबडीत भिंतीवर रंग धरेना. तेव्हा तूस मिसळलेला मातीचा गोळा लावून तो थापीने सारखा करावा आणि मग रंग द्यावा, अशी अनुज्ञा मिळाली. तांबडा रंग धरेना तेव्हा कोंडा मिसळलेली माती. जादा झालेला रंग वा तेल असेल तर ते पुसून घ्यावे. काळ्या रंगासाठी गांडुळांनी वर काढलेली मऊ माती. आणि चिकटपणासाठी झाडांचा चीक व तुरट काढा. धम्मग्रंथातील हा भाग वाचताना आपण एखाद्या गवंड्याची कामाची वही वाचीत आहोत असे वाटते. तथागतांच्या संघात गिलाव्याचा प्रश्नही प्रश्नच मानला जात होता, हे या ठिकाणी ध्यानात घ्यावे.

अजिंठ्याच्या गिलाव्याचे जे परीक्षण झाले आहे त्यातून याच कुळातील पद्धत दिसते. छिन्नीच्या घावांनी खडबडीत राहिलेल्या बेसॉल्टच्या पृष्ठावर मातीचा जाड थर दिला जाई. त्यात दगडाची भुकटी, वाळू, भाताचे तूस, गवत व वनस्पतींचे तंतू मिसळलेले असत. त्यावर अधिक बारीक मातीचा दुसरा थर, आणि त्यावर पातळ पांढरा हात. हे सर्व वाळल्यावर डिंक किंवा सरस यांसारख्या चिकट द्रव्यात कालविलेले रंग लावले जात. म्हणून या चित्रांना 'फ्रेस्को' म्हणण्याची रूढी असली तरी ती बरोबर नाही. ओल्या चुन्यात रंग मुरविण्याची ती युरोपीय पद्धत येथे नाही.

रंग बहुतेक मातीतलेच. काव, पिवडी, काजळी, पांढरी माती. आणि दख्खनच्या काळ्या खडकाच्या पोकळ्यांत सापडणारी हिरवी माती. निळा तेवढा दूरचा. तो राजावर्त नावाच्या दगडापासून होई, आणि हा दगड आजच्या अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून येई. वाघुर नदीच्या नालाकृती वळणावरील एका छतावर, पायाखालची माती आणि हजारो कोसांवरून आलेला दगड शेजारी शेजारी बसले आहेत. व्यापारी मार्ग आणि धम्ममार्ग एकच होते, याचा याहून बोलका पुरावा कोणता?

छताची मांडणी

आता नक्षीच्या आराखड्याकडे वळू. पहिल्या लेण्याचे मंडपछत सपाट आहे. २० खांबांनी वेढलेल्या या मंडपाचे छत चित्रकाराने प्रथम पट्ट्यांनी विभागले. लाकडी घराच्या छताला जशा तुळया आणि त्यांमधली घरे असतात, तशीच ही विभागणी आहे. मध्यभागी मोठे वर्तुळ, त्यात एकात एक अशी कड्यांची रचना, आणि सभोवार चौरस व लांबट घरे. इतकी मोठी वर्तुळे दोरी व खुंटी यांवाचून निघणे शक्य नाही. तेव्हा चित्र काढण्यापूर्वी मोजणी झाली, सूत धरले गेले, घरे आखली गेली, असे मानावे लागते.

घरे आखून झाल्यावर खरी कल्पकता सुरू होते. चौरसांत बहुधा कमळ. लांबट घरांत वेल, फळे, पक्षी, प्राणी. पार्श्वभूमी कुठे काळी, कुठे तांबडी, कुठे फिकट. त्यामुळे घरे एकमेकांत मिसळत नाहीत आणि खालून पाहणाऱ्याची दृष्टी अडखळतही नाही. एका घरात कमळवनातून धावणारा हत्ती आहे. त्याचे शरीर घराच्या लांबीत इतके सहज बसविले आहे की चौकट त्याच्यासाठी केली की तो चौकटीसाठी, हे सांगता येऊ नये. झुंजणारे बैल आहेत, आंब्याचे घोस आहेत, कमळाच्या देठांत गुंतलेले हंस आहेत. टोकदार टोप्या घातलेल्या परदेशी पुरुषांची मद्यपानाची बैठक याच छतावर थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा येते. जेम्स फर्ग्युसन या अभ्यासकाने ती इराणच्या दुसऱ्या खुस्रोशी जोडून लेण्याचा काळ सातव्या शतकात ओढला होता. आज तो तर्क बहुतेकांनी सोडून दिला आहे. वाकाटक राजा हरिषेण याच्या काळात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, हे काम झाले असे मत बळावले आहे. वॉल्टर स्पिंक यांनी तर ते इ.स. ४६२ ते ४८० या थोड्या वर्षांत बसविले. ही काटेकोर कालगणना मात्र सर्वांना मान्य नाही.

दुसऱ्या लेण्याच्या छतावर वर्तुळांची रचना अधिक गुंतागुंतीची आहे. कड्यांच्या आत कडी, त्यांत वेलबुट्टी, कोपऱ्यांत उडणाऱ्या आकृती. येथली हंसांची माळ विशेष पाहण्याजोगी आहे. दुरून पाहिले तर ती एकाच हंसाची पुनरावृत्ती वाटते. जवळून पाहिले तर एकाची मान वळलेली, दुसऱ्याचा पंख उघडा, तिसरा मागे वळून पाहणारा. ही खरी मालाकम्माची परिणती होय.

या प्राण्यांची निवड निव्वळ शोभेसाठी झाली असे आम्हांस वाटत नाही. हंसजातक दुसऱ्या आणि सतराव्या लेण्यांत रंगविलेले आहे. छद्दन्त हत्तीची कथा दहाव्या आणि सतराव्या लेण्यांत आहे. भिंतीवर जो हंस आणि जो हत्ती बोधिसत्त्व म्हणून करुणेचे आचरण करतो, त्याचेच सजातीय छतावर वेलीत विहरतात. भिंतीवर कथा आहे, छतावर तिचे वातावरण आहे. ही आमची मीमांसा आहे. जाणकारांनी ती पारखून घ्यावी.

पुनरावृत्ती : अजिंठा आणि तुन-हुआंग

एकाच आकृतीची पुनरावृत्ती करण्याचे दोन मार्ग बौद्ध जगात दिसतात, आणि त्यांची तुलना उद्बोधक आहे. चीनच्या वायव्य सीमेवरील तुन-हुआंगच्या मोगाओ लेण्यांचा आरंभ परंपरेने इ.स. ३६६ मध्ये सांगितला जातो. तेथे सहस्र बुद्धांच्या लहान लहान आकृतींनी भिंती आणि छते भरून गेली आहेत. इ.स. १९०० मध्ये तेथील एका बंद कोठडीत ग्रंथांचा प्रचंड साठा उघडकीस आला. १९०७ मध्ये ऑरेल स्टाइन याने त्यातले जे बरेच साहित्य लंडनला नेले, त्यात बुद्धाकृतींच्या रेषांवर सुईने भोके पाडलेले कागद होते. असा कागद भिंतीवर धरून त्यावर रंगीत पूड आपटली की ठिपक्यांची रेषा उमटते. आपल्याकडे भरतकामाची नक्षी कापडावर उतरविणारे आजही असेच करतात. मग त्या ठिपक्यांवरून कुंचला फिरे आणि चीवरांचे रंग ठरलेल्या क्रमाने आळीपाळीने भरले जात.

अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातही गर्भगृहाच्या परिसरात सहस्र बुद्धांच्या रांगा आहेत. पण छतावरच्या हंसांची आणि वेलींची पुनरावृत्ती साच्यातून निघालेली दिसत नाही. येथे आराखडा एक, पण प्रत्येक आकृतीला हात नव्याने वळला आहे. तुन-हुआंगच्या पद्धतीला आम्ही कमी लेखीत नाही. एकच बुद्धाकृती सहस्र वेळा श्रद्धेने उमटविणे हेही कुशल कर्मच होय. तरी पण नियम आणि स्वातंत्र्य यांचा जो समतोल अजिंठ्याच्या छतावर साधला आहे, त्यात आम्हांस संघजीवनाचेच प्रतिबिंब दिसते : चीवर सर्वांचे एक, पण प्रत्येकाची चाल स्वतःची.

हात कोणाचे, दान कोणाचे?

हे हात कोणाचे होते? सोळाव्या लेण्याच्या लेखात दाता म्हणून हरिषेणाचा सचिव वराहदेव याचे नाव आहे. सव्विसाव्या लेण्याच्या लेखात भिक्खू बुद्धभद्र आहे. त्याआधीच्या, सातवाहनकालीन दहाव्या लेण्यात वासिठीपुत कटहादि याने दर्शनी भागाचे दान दिल्याची नोंद आहे. बाराव्या लेण्यात घनामदड नावाचा व्यापारी आहे. रंगविलेल्या लहान लेखांत शाक्यभिक्षू दाते म्हणून येतात. परंतु छताखाली परांचीवर उताणे झोपून वा मान मोडेस्तोवर वर पाहून ज्यांनी ही घरे भरली, त्यांच्यापैकी कोणाचेही नाव आपल्यापर्यंत पोहोचलेले नाही.

एवढ्यावरून बौद्ध परंपरेत कारागीर अनामच राहिला असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकीचा ठरेल. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या दंतकारांनी, म्हणजे हस्तिदंताचे काम करणाऱ्यांनी, शिल्पकाम केल्याचा लेख आहे. आपल्या जुन्नरच्या लेण्यांत वेळूचे काम करणाऱ्यांच्या आणि काशाची भांडी घडविणाऱ्यांच्या श्रेणींचा उल्लेख आहे. आणि अमरावतीच्या स्तूपावरील एक लेख तर प्रत्येक बौद्ध उपासकाने लक्षात ठेवावा असा आहे. विधिक नावाच्या एका चर्मकाराने आपली माता, भार्या, बंधू व मुले यांच्यासह एका शिलापट्टाचे दान दिले. त्या पट्टावर काय कोरले होते? पूर्णघट, फुलांनी ओसंडणारा कलश.

ज्या चर्मकाराला पुढील काळातील समाजव्यवस्थेने मंदिराच्या पायरीलाही स्पर्श करू दिला नाही, त्याच व्यवसायाचा मनुष्य स्तूपाच्या अंगावर आपल्या नावाने, आपल्या व्यवसायासह, कुटुंबासह नक्षीचा पट्ट बसवितो. तो आपला व्यवसाय लपवीत नाही. त्याला तो लपवावासा वाटत नाही, आणि संघ ते दान स्वीकारतो. अजिंठ्याचे चित्रकार कोणत्या समाजगटातील होते हे ठामपणे सांगण्यास आधार नाही, आणि निराधार विधान करून इतिहासाची सेवा होत नाही. पण हाताने काम करणाऱ्याला ज्या धम्मपरंपरेत दात्याच्या ओळीत उभे राहता येत होते, तिच्याच छायेत ही छते रंगली, एवढे निश्चित म्हणता येते. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी करणारी व्यवस्था म्हणून जातिसंस्थेचे जे विश्लेषण केले, त्याच्या प्रकाशात विधिकाचा तो पूर्णघट पाहिला म्हणजे त्याचे मोल कळते.

प्रतिकृतींची राख

२८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ हा इंग्रज लष्करी अधिकारी दहाव्या लेण्यात पोहोचला आणि तेथील खांबावर आपले नाव कोरून गेला. परिसरातील लोकांना लेणी ठाऊक होतीच. जगाला ती आता ठाऊक झाली. १८४४ मध्ये रॉबर्ट गिल याची प्रतिकृतींच्या कामी नेमणूक झाली. त्याने वर्षानुवर्षे काढलेली बहुतेक चित्रे १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाली. पुढे १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी पेस्तनजी बोमनजी आदी विद्यार्थ्यांसह पुन्हा काम केले. त्यांतल्याही अनेक प्रतिकृती १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत नष्ट झाल्या.

ग्रिफिथ्स यांचे श्रेय असे की त्यांनी छताच्या नक्षीला गौण मानले नाही. पहिल्या लेण्याच्या छतातील घरांच्या प्रतिकृती एकेक करून काढल्या गेल्या, आणि १८९६-९७ मध्ये निघालेल्या त्यांच्या दोन खंडांच्या ग्रंथात अलंकरणास भरपूर जागा मिळाली. त्या काळी युरोपातील कारखाने भिंतीला चिकटविण्याच्या छापील कागदांसाठी आणि कापडांसाठी जगभरच्या नक्ष्या शोधीत होते. मुंबईच्या कलाशाळेतील मातीच्या भांड्यांवरही अजिंठ्याच्या आकृती उतरल्या. भिक्खूंच्या निवासातील नक्षी अशा रीतीने बाजारात आली. मात्र ती जेथून आली तो धम्म वाटेत कोठे तरी गळून पडला. 'प्राच्य नमुना' एवढीच तिची ओळख उरली.

त्यानंतर १९०९ ते १९११ च्या हंगामांत लेडी हेरिंगहॅम यांच्यासोबत नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त, के. वेंकटप्पा हे तरुण चित्रकार आणि हैदराबादचे सय्यद अहमद व फझलुद्दीन यांनी काम केले. गुलाम याझदानी यांचे चार भाग १९३० ते १९५५ या काळात प्रसिद्ध झाले. १९२० नंतर इटालियन तज्ज्ञांनी सुटत चाललेला गिलावा वाचविला. पण तेव्हा आणि त्याआधी दिलेले संरक्षक लेप पुढे पिवळे-काळे पडले, आणि भारतीय पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांना ते हळूहळू उतरवावे लागले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, वेरूळच्या गिलाव्यात अंबाडीसारख्या तंतूंचे भांगेचे झाड वापरल्याचे आणि त्यामुळे तेथे किडीचा उपद्रव कमी झाल्याचे मांडले गेले. अजिंठ्याच्या गिलाव्यात ते नाही, आणि किडीने तेथे मोठी हानी केली आहे. त्या संशोधनात औरंगाबादच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील अभ्यासकाचा सहभाग होता, ही समाधानाची गोष्ट होय.

आपले कर्तव्य

१९३४ मध्ये बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहण्याच्या हेतूने निघाले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यात हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून पाणी बाटविल्याचा आरोप त्यांच्यावर झाला. आपल्या पूर्वजांच्या वारशापर्यंत जाणारी वाट किती अपमानांतून गेली होती, याची ही साक्ष आहे. आज ती वाट मोकळी आहे. तेव्हा त्या वारशाकडे आपण कसे पाहतो, याची जबाबदारीही आपलीच आहे.

आमच्या सूचना साध्या आहेत. अजिंठ्याची सहल काढणाऱ्या विहारांनी प्रत्येक लेण्यात काही क्षण छताकडे पाहण्यासाठी राखून ठेवावेत. भिंतीला व खांबांना हात लावू नये, प्रखर झोत टाकू नये. श्वासाच्या ओलाव्यानेही हे रंग झिजतात, म्हणून गर्दी करू नये. आपल्या संस्थांतून चित्रकलेच्या विद्यार्थ्यांकडून छतांतील एकेका घराची रेखाटने करवून घ्यावीत आणि त्यांना मालाकम्म, लताकम्म ही आपली पालि नावे द्यावीत. गावोगावी नवे विहार उभे राहत आहेत. त्यांच्या भिंतींवर बाजारातून आणलेला छापील फलक टांगण्याऐवजी, गावातीलच एखाद्या रंगाऱ्याकडून कमळाच्या वेलीची एक किनार काढवून घेतली, तर खर्च फारसा वाढणार नाही. आणि ती काढणाऱ्याचे नाव दात्यांच्या फलकावर अवश्य लिहावे. अजिंठ्याच्या छतावर जे नाव राहून गेले, त्याची तेवढी तरी भरपाई आपल्या हातून व्हावी.